भाषेचे जनुक : एका शब्दप्रयोगाचा वृत्तपत्रीय इतिहास

१

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्या विभागात आले. त्यांचा मुलगा साडेतीन वर्षांचा झाला होता आणि अद्याप दोन-दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हता. त्यांच्या खिशात वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. शास्त्रज्ञांना भाषेचे जनुक सापडले आहे, अशा आशयाची ती बातमी होती. हे जनुक आपल्या मुलाच्या ठिकाणी आहे की नाही, हे कोठे तपासून मिळेल, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. मग थोड्या संकोचाने त्यांनी आणखी एक प्रश्न केला. त्यांचे वडील तोतरे होते. तेव्हा हा दोष आपल्याच घराण्याकडून आला असे समजावे काय? या गोष्टीवरून घरात बरेच बोलणे झालेले असावे, हे त्यांच्या स्वरावरून उघड होते.

मी त्यांना वाचोपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला दिला. परंतु त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. हे जनुक प्रत्येक माणसाच्या ठिकाणी असते, 'आहे की नाही' हा प्रश्न तेथे लागूच पडत नाही, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी कात्रण पुन्हा उलगडून पाहिले. मीही ते वाचले. त्यात खोटे असे जवळजवळ काहीच नव्हते. तरीही ते वाचून एका सुशिक्षित माणसाची समजूत पूर्णपणे चुकीची झाली होती.

प्रस्तुत लेखाचा उगम त्या प्रसंगात आहे. आनुवंशिकीतील शोधांच्या बातम्यांचा लोकांवर अनिष्ट परिणाम होतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते, आणि तिचे खापर बहुधा बातमीदाराच्या अतिशयोक्तीवर फोडले जाते. गेल्या साठ वर्षांतील काही प्रसिद्ध प्रकरणे तपासली असता हे निदान अपुरे वाटते. या बातम्यांनी जो गैरसमज निर्माण केला, तो त्यांतील असत्य विधानांपेक्षा त्यांच्या व्याकरणामुळे अधिक झाला, आणि त्यातही 'अमुकाचे जनुक' या षष्ठ्यन्त शब्दप्रयोगाचा वाटा मोठा आहे, असे येथे प्रतिपादावयाचे आहे. मी जीवशास्त्राचा अभ्यासक नाही, भाषेचा आहे. तथापि हा प्रश्न निम्मा तरी भाषेचाच असल्याने त्यात शिरण्याचे धाडस करीत आहे.

२

षष्ठी ही विभक्ती मोठी उदार आहे. इतर विभक्तींनी न सांगितलेले उरलेसुरले संबंध पाणिनीने तिच्याकडे सोपविले, आणि तिचे अर्थ शंभराहून अधिक असल्याचे महाभाष्यात म्हटले आहे. मराठीतील चा-ची-चे या प्रत्ययांनी हे औदार्य पुरेपूर उचलले आहे. 'सुताराचा रंधा' यात वापरणारा सांगितला आहे, 'पितळेचा तांब्या' यात द्रव्य, 'दुधाचा पेला' यात आतील पदार्थ. 'खोकल्याचे औषध' यात तर संबंध नाशाचा आहे. खोकल्याचे औषध घेतल्याने खोकला होतो असे कोणी समजत नाही. मात्र हे ज्ञान आपल्याला प्रत्ययाने दिलेले नसते. औषध म्हणजे काय, हे आपल्याला आधीच ठाऊक असते, म्हणून आपण योग्य तो संबंध निवडतो. तात्पर्य, षष्ठीचा अर्थ वस्तूच्या पूर्वज्ञानावर अवलंबून असतो. ज्या वस्तूचे पूर्वज्ञान वाचकाला नाही, तिच्या बाबतीत तो सर्वांत ओळखीचा संबंध धरून चालतो, आणि तो म्हणजे मालकीचा किंवा कारणाचा संबंध होय. 'भाषेचे जनुक' म्हणजे जे असल्याने भाषा येते ते, हा अर्थ वाचकाने केला तर त्यात त्याचा दोष नाही.

आनुवंशिकीच्या अभ्यासकांचा संकेत मात्र याच्या जवळजवळ उलट आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन हे फळमाश्यांवर प्रयोग करीत होते. १९१० साली त्यांना नेहमीच्या लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. त्या फरकाशी निगडित असलेल्या जनुकाला 'पांढरा' असे नाव पडले, आणि आजही तेच नाव चालू आहे. परंतु ते जनुक सुस्थितीत असेल तर डोळा लाल होतो. बिघडले तर पांढरा. अर्थात हे नाव जनुकाच्या कार्यावरून पडलेले नसून त्याच्या बिघाडावरून पडलेले आहे. प्रयोगशाळेत हा संकेत सर्वांस ठाऊक असल्याने घोटाळा होत नाही. 'अमुकाचे जनुक' याचा तेथे अर्थ एवढाच, की या ठिकाणी फरक पडला असता अमुक गुणात फरक पडतो.

ही फरकाची भाषा आहे. वृत्तपत्राच्या शीर्षकात ती येते तेव्हा ती वस्तूची भाषा होते. इंग्रजीत या ठिकाणी 'साठी' या अर्थाचे अव्यय वापरतात, म्हणजे तेथे तादर्थ्याची चतुर्थी आहे; जणू ते जनुक त्या कार्यासाठीच घडविले गेले. मराठीत चतुर्थीची षष्ठी झाली, आणि प्रयोजनाच्या जागी स्वामित्व आले. दोन्हीकडे फरकाची कल्पना तेवढी गळून पडली. या गळतीचे परिणाम काय झाले, ते आता पाहू.

३

पहिले प्रकरण गुन्हेगारीचे आहे. पुरुषाच्या पेशीत सामान्यतः एक 'एक्स' व एक 'वाय' गुणसूत्र असते. क्वचित एका पुरुषात 'वाय' दोन असतात, हे १९६१ साली प्रथम नोंदविले गेले. पुढे १९६५ च्या डिसेंबरात पॅट्रिशिया जेकब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. स्कॉटलंडमधील कार्स्टेअर्स येथील बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात त्यांनी १९७ पुरुष तपासले होते, आणि त्यांपैकी ७ जणांत जादा 'वाय' आढळले होते. हे प्रमाण लक्षणीय होते यात संशय नाही. परंतु सर्वसामान्य लोकसंख्येत अशा पुरुषांचे प्रमाण किती, हे त्या वेळी नीट ठाऊक नव्हते. दर हजार पुरुष अर्भकांत सुमारे एक असा पुरुष असतो, आणि त्यांतील बहुतेक जण आपल्या जादा गुणसूत्राची वार्ताही नसता सामान्य आयुष्य जगतात, हे पुढील पाहण्यांतून कळले. टिपणाच्या शीर्षकात मात्र आक्रमक वर्तन, मनाची दुर्बलता आणि जादा 'वाय' ही तिन्ही एकत्र बसविलेली होती. म्हणजे शास्त्रीय नियतकालिकातच वृत्तपत्राची निम्मी वाट मोकळी झाली होती.

१९६६ च्या जुलैत शिकागो येथे रिचर्ड स्पेक याने परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या आठ तरुणींचा खून केला. त्याच्या ठिकाणी जादा 'वाय' गुणसूत्र आहे, अशी बातमी १९६८ साली अमेरिकन वृत्तपत्रांतून पसरली. त्याच वर्षी पॅरिस व मेलबर्न येथील खुनाच्या खटल्यांत आरोपींच्या बचावासाठी जादा 'वाय'चा मुद्दा मांडण्यात आला. लोकांच्या बोलण्यात 'गुन्हेगारीचे गुणसूत्र' रूढ झाले. इंग्लंडात १९७० साली या कल्पनेवर आधारलेली कादंबरी निघाली आणि १९७६ पासून तिच्यावरून दूरचित्रवाणीवर मालिका दाखविण्यात आली. प्रत्यक्षात स्पेकची गुणसूत्रे तपासली असता ती सर्वसामान्य, एक 'एक्स' व एक 'वाय' अशीच निघाली. परंतु मूळ बातमी जितकी पसरली तितका तिचा खुलासा पसरला नाही, आणि स्पेकचे उदाहरण पुढेही पाठ्यपुस्तकांतून दिले जात राहिले.

शास्त्रीय उत्तर १९७६ साली आले. हर्मन विट्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील ४,१३९ उंच पुरुषांची तपासणी केली. त्यांत जादा 'वाय' असलेले १२ निघाले. या बाराजणांत शिक्षा झालेल्यांचे प्रमाण इतरांहून अधिक होते, हे खरे; परंतु ते गुन्हे बहुतांशी किरकोळ, मालमत्तेसंबंधीचे होते. ज्या हिंसक वृत्तीचा गाजावाजा झाला होता, तिला या पाहणीत आधार सापडला नाही.

ही बारा माणसे किंवा कार्स्टेअर्समधील सात माणसे यांच्यापेक्षाही या बातमीचा मोठा भार बालकांवर पडला. बोस्टन येथे १९६८ पासून नवजात मुलग्यांची गुणसूत्रे तपासण्याचा एक प्रकल्प चालू होता. जादा 'वाय' आढळल्यास ते आईबापांना सांगावे की नाही, हा त्यातील पेच होता. न सांगावे तर ती फसवणूक. सांगावे तर वृत्तपत्रांतून 'गुन्हेगारीचे गुणसूत्र' वाचलेले आईबाप त्या मुलाच्या प्रत्येक हट्टाकडे, प्रत्येक रागाकडे संशयाने पाहणार. मग मुलगा बिघडला तर तो गुणसूत्राने की संशयाने, हे कोण सांगणार? या व अशा आक्षेपांमुळे नवजातांची ही तपासणी १९७५ साली थांबविण्यात आली. बातमीने लोकांच्या मनात जे पेरले, त्यामुळे त्या बातमीची शहानिशा करणेच अशक्य होऊन बसले, असे हे विलक्षण उदाहरण आहे.

४

दुसरे प्रकरण आमच्याच विषयातले आहे. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील सुमारे तीस व्यक्तींपैकी निम्म्या व्यक्तींना वाणीचा गंभीर दोष होता. शास्त्रीय वाङ्मयात हे कुटुंब 'के. ई.' या आद्याक्षरांनी ओळखले जाते. दोष पिढी-दरपिढी ज्या रीतीने उतरला होता त्यावरून तो एकाच जनुकातील बदलामुळे असावा, असा अंदाज १९९० साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मॅगिल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ मर्ना गोपनिक यांनी 'नेचर'ला एक पत्र लिहिले. या व्यक्तींना वचन, काळ इत्यादी व्याकरणिक लक्षणांची जाणीवच नसावी, असे त्यांचे म्हणणे होते. या दाव्याला आव्हान तत्काळ मिळाले. लंडन येथे या कुटुंबाची तपासणी करणाऱ्या फरानेह वर्गा-खादेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिले, आणि १९९५ साली सविस्तर निबंधात दाखविले, की या व्यक्तींना जीभ, ओठ व चेहरा यांच्या गुंतागुंतीच्या हालचाली जुळवून आणणेही कठीण जाते. अडचण केवळ प्रत्ययांची नाही.

परंतु तोवर बातमी पुढे गेली होती. १९९२ साली अमेरिकन विज्ञानसंवर्धन संस्थेच्या अधिवेशनात गोपनिक यांनी आपले म्हणणे मांडताच वृत्तसंस्थांनी 'व्याकरणाचे जनुक' उचलून धरले. स्तंभलेखकांनी मुलांचे अशुद्ध बोलणे आता आनुवंशिक ठरले म्हणून विनोद केले. ज्यांना बोलताना रोज शब्दागणिक झगडावे लागत होते, त्या माणसांचे दुखणे इतरांच्या शुद्धलेखनाच्या थट्टेचा विषय झाले. येथे 'व्याकरण' या शब्दाचाही घोटाळा झाला, हे नमूद केले पाहिजे. भाषाशास्त्रज्ञ ज्याला व्याकरण म्हणतात, ते प्रत्येक बोलणाऱ्याच्या ठिकाणी नकळत वसत असते. वृत्तपत्राचा वाचक ज्याला व्याकरण म्हणतो, ते शाळेत शिकविले जाते. एका शीर्षकात दोन्ही पदे निसरडी होती, आणि त्यांना जोडणारा प्रत्ययही.

पुढील संशोधन धीराने चालले होते. १९९८ साली ऑक्सफर्ड येथील सायमन फिशर व सहकाऱ्यांनी दोषाचे स्थान सातव्या गुणसूत्राच्या एका तुकड्यापर्यंत आणून ठेवले. नात्याने या कुटुंबाशी संबंध नसलेल्या, पण तसाच दोष असलेल्या एका मुलाच्या सातव्या गुणसूत्राची त्याच भागात मोडतोड झालेली आढळली, आणि त्यामुळे शोध सुकर झाला. अखेर ऑक्टोबर २००१ मध्ये 'नेचर'मध्ये त्या जनुकाचे नाव जाहीर झाले : फॉक्स-पी-टू. के. ई. कुटुंबातील दोषग्रस्त व्यक्तींत या जनुकातील एकच अक्षर बदललेले होते. त्यामुळे त्याच्या प्रथिनातील ७१५ घटकांपैकी एक घटक बदलला होता. हे प्रथिन इतर जनुकांचे काम कमीअधिक करणारे, नियामक स्वरूपाचे आहे. ते मेंदूत कार्य करते, तसेच फुप्फुसांत व आतड्यांतही करते. उंदरात ते आहे, पक्ष्यांत आहे. ज्याला 'भाषेचे' म्हटले गेले, ते मुक्या प्राण्यांच्याही ठिकाणी आहे, ही गोष्ट पहिल्या निबंधापासूनच अभ्यासकांना अवगत होती.

२००२ साली लाइपझिग येथील संशोधकांनी आणखी एक विधान केले. मानव व चिंपांझी यांच्या या प्रथिनात दोन घटकांचा फरक असून तो मानववंशात गेल्या दोन लाख वर्षांत नैसर्गिक निवडीने वेगाने पसरला असावा, असे ते विधान होते. भाषा कशी उद्भवली, या जुन्या प्रश्नाचे उत्तर सापडल्यासारखा हर्ष वृत्तपत्रांत व्यक्त झाला. २००७ साली तेच दोन बदल निअँडर्थल मानवाच्या अस्थींतही आढळले. म्हणजे ते दोन लाख वर्षांहून पुष्कळ जुने असले पाहिजेत. आणि २०१८ साली अधिक व्यापक व विविध मानवसमूहांची सामग्री घेऊन 'सेल' या नियतकालिकात आलेल्या निबंधाने दाखविले, की अलीकडील निवडीचा पुरावा या जनुकात मिळत नाही. २००२ चे अनुमान थोड्या व एकांगी नमुन्यांमुळे निघाले असावे.

विज्ञानाच्या दृष्टीने हा इतिहास निकोप आहे. अनुमान झाले, तपासले गेले, बदलले. फिशर यांनी स्वतः अनेकदा बजावले आहे, की जनुक भाषा घडवीत नाही. ते प्रथिन घडविते, आणि प्रथिनापासून वाक्यापर्यंतची वाट फार लांब व अनेक फाट्यांची आहे. परंतु ही वाट शीर्षकात मावत नाही. खुलाशाला 'भाषेचे जनुक' यासारखे सुटसुटीत दोन शब्द लाभले नाहीत, आणि म्हणून तो त्या गृहस्थांच्या खिशापर्यंत पोहोचला नाही.

५

येथवरच्या विवेचनावरून वृत्तपत्रे बेजबाबदार असतात असा निष्कर्ष कोणी काढील. पण तो घाईचा ठरेल. कॅनडातील तानिया बुबेला व टिमथी कॉलफील्ड यांनी २००४ साली आनुवंशिकीवरील १११ शास्त्रीय निबंध व त्यांच्यासंबंधी आलेल्या ६२७ वृत्तपत्रीय बातम्या यांची तुलना केली. मध्यम किंवा तीव्र अतिशयोक्ती केवळ ११ टक्के बातम्यांत आढळली. बहुसंख्य बातम्या मूळ निबंधाशी प्रामाणिक होत्या. अर्थात संभाव्य लाभाचा उल्लेख जवळजवळ सर्वत्र होता आणि धोक्यांचा थोड्याच ठिकाणी. पण मूळ निबंधांचीही स्थिती निराळी नव्हती. कार्स्टेअर्सच्या टिपणाचे शीर्षक आठवावे. बातमी खोटी नसतानाही समजूत खोटी होते, या आमच्या विधानास येथे पुष्टी मिळते.

वाचक भोळा असतो, हेही तितकेसे खरे नाही. अमेरिकेतील वक्तृत्वशास्त्राच्या अभ्यासक सेलेस्ट कॉन्डिट यांनी १९९९ साली विद्यार्थ्यांना जनुकांसाठी वापरला जाणारा 'आराखडा' हा शब्द कसा कळतो, ते विचारले. अनेकांनी त्याचा अर्थ अटळ विधिलिखित असा न घेता, बदलता येण्याजोगी योजना असा घेतला. घराचा आराखडा बांधताना बदलतो, हा अनुभव वाचकाजवळ होता. म्हणून त्याने त्या शब्दाचा शहाणा अर्थ केला. 'खोकल्याचे औषध' याविषयी वर जे म्हटले, तेच येथे लागू पडते. पूर्वज्ञान असेल तेथे वाचक फसत नाही.

ते नसेल तेथे मात्र परिणाम खोलवर जातो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील इलान दार-निमरोद व स्टीव्हन हाइने यांनी २००६ साली 'सायन्स'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी स्त्रियांना गणिताच्या परीक्षेपूर्वी निरनिराळे उतारे वाचावयास दिले. गणितात स्त्रिया मागे पडण्याचे कारण जनुकीय आहे असा उतारा ज्यांनी वाचला, त्यांना, कारण अनुभवाचे आहे असे वाचणाऱ्यांपेक्षा कमी गुण मिळाले. २०१९ साली स्टॅनफर्ड येथील प्रयोग याही पुढे गेला. काही व्यक्तींना, त्यांचे खरे जनुक कोणतेही असो, तुमच्या ठिकाणी व्यायामाला प्रतिकूल असे जनुकीय रूप आहे, असे सांगण्यात आले. त्यानंतर त्यांचा दम व सहनशक्ती खरोखर घटलेली मोजमापात दिसून आली. जनुकाविषयीचे वाक्य शरीरावर कार्य करते, असे याचे तात्पर्य आहे. बोस्टनच्या आईबापांविषयी व्यक्त झालेली भीती निराधार नव्हती.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १४ मे २०१३ रोजी अँजेलिना जोली या अभिनेत्रीने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून जाहीर केले, की आपल्या ठिकाणी ब्रॅका-१ या जनुकात दोष आढळल्याने आपण दोन्ही स्तन शस्त्रक्रियेने काढून घेतले. त्यानंतर जून व जुलै महिन्यांत ब्रिटनमधील जनुकीय सल्ल्याच्या केंद्रांकडे येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या सुमारे अडीचपट झाली. विशेष म्हणजे हे लोक उगाच घाबरून आलेले नव्हते. कुटुंबात रोगाचा इतिहास असलेल्या, तपासणी योग्य अशाच व्यक्ती प्रामुख्याने आल्या. बातमीने येथे निःसंशय उपकार केला. परंतु त्याच वर्षी अमेरिकेत २,५७२ व्यक्तींची जी पाहणी झाली, तीत सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना ही हकीकत ठाऊक असली तरी अशा स्त्रीचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत किती, हे नीट सांगू शकणारे शंभरात दहाही नव्हते. 'कर्करोगाचे जनुक' हा शब्दप्रयोग येथेही आड आला असावा. ब्रॅका-१ हे प्रत्येकाच्या ठिकाणी असते आणि त्याचे काम पेशीतील जनुकद्रव्याची डागडुजी करण्याचे, म्हणजे कर्करोगापासून रक्षण करण्याचे आहे. ते बिघडले की धोका वाढतो. रक्षकाला चोराचे नाव मिळाले आहे, आणि ते मॉर्गनच्या 'पांढऱ्या' जनुकाइतकेच उलटे आहे.

६

मराठीपुरते पाहावयाचे तर आपली अडचण थोडी अधिक आहे. 'क्रोमोसोम' या मूळ शब्दाचा अर्थ 'रंगीत काया' एवढाच होतो. सूक्ष्मदर्शकाखाली रंग लावला असता ती कांडी गडद दिसते, म्हणून १८८८ साली वाल्डेयर यांनी तिला हे नाव दिले. तिच्या कार्याविषयी त्या नावात काहीही म्हटलेले नाही. आपण तिला 'गुणसूत्र' म्हटले. गुण सुतात ओवलेले आहेत, असे चित्र हा शब्द ऐकताक्षणीच उभे राहते. विल्हेल्म योहानसेन यांनी १९०९ साली 'जीन' हा शब्द योजला, तो कोणत्याही उपपत्तीचा वास नसलेला असावा या हेतूने. 'जनुक' हा आपला पर्याय त्या मानाने निरुपद्रवी आहे. पण तो वाक्यात बहुधा 'गुणसूत्रा'च्या शेजारीच येतो. हे शब्द आता रूढ झाले आहेत आणि ते बदलावेत अशी माझी सूचना नाही. मात्र ते काय सुचवितात, याची जाणीव त्यांचा उपयोग करणाऱ्यास हवी.

शिवाय बातमी कोऱ्या मनावर उमटत नाही. 'खाण तशी माती' ही म्हण आपल्या घराघरांत आहे. एखादा गुण 'रक्तातच' असतो, असे आपण म्हणत आलो, आणि आता त्याच वाक्यात 'डीएनए' घालून तेच म्हणतो. ज्या समाजात माणसाची लायकी जन्मावरून ठरविण्याची चाल शतकानुशतके चालत आली, तेथे 'अमुकाचे जनुक' ही बातमी नवे ज्ञान म्हणून न वाचली जाता जुन्या समजुतीला मिळालेले शास्त्राचे प्रशस्तिपत्र म्हणून वाचली जाण्याचा धोका अधिक आहे. मुलाच्या उशिरा बोलण्याचा हिशेब कोणत्या घराण्याच्या नावे मांडावयाचा, हा त्या गृहस्थांच्या घरातला वाद वर्तमानपत्राने सुरू केला नव्हता. त्याने केवळ त्या वादाला एक नवा शब्द पुरविला होता.

मग उपाय काय? बातम्या थांबविणे हा नव्हे. जोली यांच्या लेखाने ते दाखविले आहे. भाषेच्या अभ्यासकाच्या हाती जे आहे ते लहान, पण नेमके आहे. मराठीत षष्ठीला पर्याय आहेत. 'ज्या जनुकात बिघाड झाला असता बोलणे अडखळते, असे एक जनुक' हे वाक्य लांब आहे, पण ते मराठीच्या प्रकृतीला धरून आहे. आपली 'जो–तो' ही रचना अशा सशर्त संबंधासाठीच उपयोगी पडते. शीर्षकात एवढे मावत नसेल तर 'वाणीदोषाशी संबंधित जनुक' मावेल. आणि शीर्षकात काहीच न मावले तरी बातमीच्या पहिल्या वाक्यात तीन गोष्टी याव्यात : हे जनुक सर्वांच्या ठिकाणी असते. शोध त्यातील एका बदलाचा आहे. आणि तो बदल किती व कशा माणसांत आढळला. के. ई. प्रकरणी ही तीन विधाने केली असती, तर व्याकरणाच्या थट्टेला जागा उरली नसती. पत्रकारितेच्या व विज्ञानलेखनाच्या अभ्यासक्रमांत भाषाविभागांनी हे काम अंगावर घ्यावे, आणि आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी मराठी वृत्तपत्रांतील 'जनुक' या शब्दाचे सारे प्रयोग वर्षानुवर्षे गोळा करून त्यांचे विभक्त्यर्थ तपासावेत, अशी माझी विनंती आहे. ते काम अल्प साधनांत होण्यासारखे असून त्याची गरज मोठी आहे.

त्या गृहस्थांना त्या दिवशी जे सांगावयास हवे होते, ते आज असे सांगता येईल : तुम्ही ज्या जनुकाविषयी विचारता ते तुमच्या मुलात आहे, तुमच्यात आहे, तुमच्या पत्नीच्या माहेरच्या प्रत्येक माणसात आहे. त्यातील जो बिघाड लंडनच्या त्या कुटुंबात सापडला तो अत्यंत विरळा आहे, आणि उशिरा बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांचा त्याच्याशी संबंध नसतो. मुलाला तज्ज्ञाकडे न्या, त्याच्याशी पुष्कळ बोला, आणि घराण्याचा विचार सोडून द्या. हे सांगण्यास मला फार उशीर झाला, ही माझी खंत आहे.